कपडे बदलणारा पाहुणा

मे महिन्यातली दुपार, चारची वेळ. लाइट गेली, कूलरची घरघर थांबली आणि नागपुरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत एकदम सामसूम झाली. आधी धाकटा उठून बसला, मग थोरली.

"आबा," धाकटा म्हणाला, "ऊन तर बाहेर आहे. आपण सावलीत आहोत. मग खोली काहून एवढी तापली?"

"आणि पडदापण लावलाय," थोरलीनं भर घातली.

पडदा होता खरा. चांगला जाड, मरून रंगाचा. मी आयुष्यभर वर्ध्याकडच्या शाळेत विज्ञान शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न वर्गात फार थोड्यांनी विचारला. म्हटलं, या पोट्ट्यांना उत्तर नको द्यायला, गोष्टच सांगावी.

"आपल्याकडे रोज दुपारी तीनच्या सुमारास एक पाहुणा येतो," मी म्हणालो. "येताना पांढरेशुभ्र कपडे घालून येतो. आत आला की कपडे बदलतो आणि मग जायचं नाव घेत नाही. सगळी भानगड त्या कपड्यांची आहे."

आता या पाहुण्याचं गाव कोणतं? सूर्य. इथून पंधरा कोटी किलोमीटर. पण स्वारीचा वेग असा, की तिकडून निघाल्यावर आठ मिनिटं वीस सेकंदांत आपल्या खिडकीवर हजर. वाटेत अंतराळात अडवणारं कुणी नाही. पृथ्वीची हवा थोडा कर कापून घेते, तेवढाच. निरभ्र आकाशातलं माथ्यावरचं ऊन एका चौरस मीटरवर पडलं, तर त्यात साधारण १००० वॅटची ताकद असते.

त्याचे पांढरे कपडे म्हणजे सात रंगांची एकत्र घडी. इंद्रधनुष्यात ती घडी उलगडते, हे तुम्ही पाहिलंय. पण सातांच्या पलीकडे आणखी एक वस्त्र असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ते पहिल्यांदा सापडलं १८०० साली, इंग्लंडात, विल्यम हर्शेल नावाच्या माणसाला. हा गृहस्थ मूळचा वाजंत्रीवाला, म्हणजे संगीतकार. दुर्बिणींच्या नादी लागला आणि १७८१ साली त्यानं युरेनस ग्रह शोधून काढला. पुढे सूर्य पाहण्यासाठी रंगीत काचा वापरताना त्याच्या लक्षात आलं, की काही काचांतून उष्णता जास्त येते, काहींतून कमी. मग कोणत्या रंगात किती ऊब, ते बघायला त्यानं लोलकातून ऊन सोडलं आणि एकेका रंगात तापमापी ठेवला. जांभळ्यात पारा थोडा चढला, लालमध्ये जास्त. मग त्यानं तापमापी लालच्याही पलीकडे सरकवला, जिथं नुसता अंधार दिसत होता. तिथं पारा आणखी वर!

"अंधारात ऊन?" धाकट्याचे डोळे मोठे झाले.

"अदृश्य ऊन. अवरक्त किरण. सूर्याकडून जी शक्ती येते, तिचा निम्म्याच्या आसपास भाग या न दिसणाऱ्या वस्त्रात असतो."

आता आपल्या घराचा दारवान. त्याचं नाव काच. दारवान सभ्य आहे, पण त्याला एक खोड आहे. ती सांगून पटायची नाही, म्हणून मी दोघांना स्वयंपाकघरात नेलं. गॅसवर लोखंडी तवा चांगला तापवला, गॅस बंद केला आणि सांडशीनं तवा उभा धरला. थोरलीला म्हटलं, वीतभर लांबून तळहात तव्यासमोर धर. तिनं धरला आणि झटकन मागे घेतला. मग भिंतीवरच्या जुन्या फोटोची चौकट उतरवून तिची काच काढली आणि तवा व हात यांच्या मध्ये धरली.

"अरेच्चा! ऊब गेली!"

तीच काच घेऊन आम्ही बाल्कनीत गेलो. उन्हात काच धरली आणि काचेखाली तिचाच हात. "आता?"

"आता तर भाजतंय."

काच तीच, हातही तोच. तव्याची ऊब तिनं अडवली आणि सूर्याची बिनतक्रार सोडली. कारण सूर्य आहे साडेपाच हजार अंशांचा. त्याचे किरण आखूड लहरींचे, डोळ्यांना दिसणारे किंवा लालच्या जरा पलीकडचे. साध्या काचेतून ते आरपार जातात. शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी आत. तवा मात्र दोन-अडीचशे अंशांचा. त्याचे किरण लांब लहरींचे, जसं काही जाडजूड घोंगडं पांघरलेले. काचेला घोंगडंवाला चालत नाही.

"म्हणजे बघा," मी म्हणालो, "पाहुणा पांढऱ्या कपड्यांत आला. दारवानानं सलाम ठोकून आत सोडला. आत येऊन तो फरशीवर बसला, गादीवर बसला, आणि सगळ्यात आवडीनं त्या मरून पडद्यावर बसला. ज्यावर बसला ते तापलं. पण तापलेला पडदा काही सूर्याइतका गरम नसतो, पन्नास-साठ अंशांचा. त्याच्यातून जे किरण निघतात ते लांब लहरींचे. पाहुण्यानं कपडे बदलले, घोंगडं पांघरलं. आता तो परत दाराशी गेला, तर दारवान विचारतो, कोण रे तू? तुला आत सोडल्याचं आठवत नाही."

थोरलीनं पडद्याला हात लावला. चटका बसला तसा काढला. "म्हणजे पडदा त्याला अडवत नाही. पडदा त्याला खुर्ची देतो!"

अगदी बरोबर. गडद रंगाचा आतला पडदा डोळ्यांवरचा उजेड कमी करतो, पण उष्णता तोवर घरात येऊन बसलेली असते. ज्याला अडवायचं, त्याला उंबरठ्याबाहेर अडवावं. दिवाणखान्यात बसवून मग दार लोटण्यात काय अर्थ? आपल्या खेड्यातल्या माणसांना हे शाळा न शिकता माहीत होतं. चैत्र लागला की अंगणात मेढी रोवायच्या, वर पऱ्हाट्या, पळसाच्या नाहीतर जांभळीच्या डहाळ्या टाकून मांडव घालायचा. ऊन मांडवावर बसायचं, घराच्या मातीच्या भिंती सावलीत.

मग प्रश्न असा की पाहुणा नेमका कधी आणि कोणत्या दारानं येतो? थोरली म्हणाली, "दुपारी बारालाच सगळ्यात जास्त येत असेल."

इथंच गंमत आहे. नागपूर आहे एकवीस अंश उत्तर अक्षांशावर. २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. आपली आजी त्याच दिवसांना नवतपा म्हणते, सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस भट्टी. पंचांगातली रोहिणी आणि भूगोलातला अक्षांश इथं एकाच आठवड्यात भेटतात. आता सूर्य डोक्यावर असेल तर ऊन पडतं गच्चीवर. खिडक्यांना ते घासूनही जात नाही. वरचा छज्जाच त्याला पुरतो.

पण पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम तेवीस अंशांवर उतरलेला असतो, आणि पश्चिमेच्या खिडकीत सरळ समोरून बघतो. तेव्हा दोन फुटांचा छज्जा खिडकीवर किती सावली टाकतो, माहीत आहे? साधारण दहा इंच. बाकीची खिडकी उघडी. आपली ही चार फूट बाय चार फुटांची खिडकी घ्या. दीड चौरस मीटर. उतरत्या उन्हाची ताकद कमी झाली, तरी समोरून पडल्यानं एका चौरस मीटरवर पाच-साडेपाचशे वॅट धरायला हरकत नाही. हिशेब आठशे वॅटच्या घरात जातो. काचेनं थोडं अडवलं तरी, कुणीतरी खोलीत इस्त्री चालू ठेवून निघून गेलंय, असं समजा. रोज तीन तास.

"मग घरच फिरवायचं ना," धाकटा म्हणाला. "खिडकी उत्तरेला."

हसू नका. जगात असं घर बांधणारे प्राणी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहराच्या आसपास, एक वाळवी आहे. तिची वारुळं आपल्याकडच्यासारखी गोल नसतात. उभ्या ठेवलेल्या पाटीसारखी चपटी, माणसाहून उंच, आणि सगळी एकाच दिशेनं उभी: कडा उत्तर-दक्षिण, रुंद बाजू पूर्व-पश्चिम. सकाळचं कोवळं ऊन रुंद बाजूवर घ्यायचं आणि ऊब मिळवायची. दुपारी सूर्य डोक्यावर आला की त्याच्यासमोर फक्त अरुंद कड. माळावर शेकडो वारुळं अशी एका रांगेत उभी असतात, की वाट चुकलेल्याला दिशा कळावी.

पण आपण पडलो भाडेकरू. घर फिरवता येत नाही. घरमालक काकांनी करारात लिहून घेतलंय: भिंतीला खिळा नाही, ड्रिल नाही, काचेला रंग नाही. मग वाळवीनं सांगितलेलं नाही जमलं तर झाडाला विचारावं.

खाली कंपाउंडमध्ये कडुनिंब आहे ना, तो दिवसभर उन्हात उभा असतो. त्याचं पान तव्यासारखं काहून तापत नाही? एक, ते पाणी बाहेर सोडतं आणि घाम येऊन आपण गार होतो तसं गार होतं. दोन, आणि हे खरं नवल, पान उन्हातून पाहिजे तेवढंच घेतं. लाल आणि निळा उजेड त्याला अन्न शिजवायला लागतो, तो घेतो. हर्शेलला सापडलेले ते अदृश्य किरण त्याच्या कामाचे नाहीत. त्यातले जवळपास निम्मे ते परतवून लावतं आणि उरलेल्यांतले बरेचसे आरपार जाऊ देतं. स्वतःत फार थोडे ठेवतं. अवरक्त कॅमेऱ्यानं कडुनिंबाचा फोटो काढला, तर झाड बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसतं. ज्या कामासाठी लोक महागड्या काचा बसवतात, ते काम पान चैत्रात फुटल्या दिवसापासून फुकट करतं.

"मग आपण काय करायचं?" थोरलीनं विचारलं.

आपण खिडकीबाहेर खोटी पानं लावायची. रोपवाटिकेवर ताणलेली हिरवी शेडनेट पाहिलीय ना? तीच. ती ५०, ७५, ९० टक्के अशा सावलीच्या हिशेबानं मिळते. आपल्याला ७५ची पुरे; ९०नं खोली अंधारते आणि वाराही अडतो. संध्याकाळी आम्ही तिघं बाजारातून नेट घेऊन आलो. दोनशे रुपयांत काम झालं, सुतळीसकट. नागपुरातल्या बहुतेक घरांसारखी आपल्या खिडकीला बाहेरून लोखंडी ग्रिल आहे, आतून सरकत्या काचा. काच सरकवायची, हात बाहेर घालून नेट ग्रिलला बाहेरच्या अंगानं बांधायची. खिळा नाही, ड्रिल नाही. घर सोडताना सुतळी कापली की संपलं.

एक लक्षात ठेवा: नेट आणि काच यांच्यात थोडी तरी फट हवी. नेटही तापते, ती काही जादूची नाही. पण ती तापते बाहेर, आणि तिची ऊब वारा घेऊन जातो. आठशे वॅटच्या इस्त्रीची झाली दोनशेची. नेट नसेल तर बुरूडाकडचा बांबूचा तट्ट्या चालतो. दिसायलाही देखणा. फक्त वादळात उडून खाली कुणाच्या डोक्यावर पडू नये, एवढं घट्ट बांधा.

शेजघराच्या खिडकीला मात्र ग्रिल आतून आहे, बाहेर हात पोचत नाही. तिथं पाहुणा आत येणारच. मग निदान त्याला बसू द्यायचं नाही. त्यानं कपडे बदलण्याआधी, पांढऱ्या कपड्यांतच परत पाठवायचं. म्हणून मी ट्रंकेतून माझं जुनं धोतर काढलं.

धोतर बघून दोघं हसली. पण सहारा वाळवंटात एक चंदेरी मुंगी राहते, तिला विचारा. भर दुपारी, जेव्हा सरडे-पालीसुद्धा बिळात जातात, तेव्हा ती काही मिनिटांसाठी बाहेर पडते आणि उन्हानं मेलेले किडे गोळा करते. तिच्या अंगावर चंदेरी केस असतात, आणि प्रत्येक केसाचा छेद त्रिकोणी, लोलकासारखा. शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवलं, की हे केस ऊन आरशासारखं परतवतात, वर अंगातली ऊब आकाशाकडे सोडायलाही मदत करतात. मुंगीचा तो सदरा, आपलं हे धोतर.

दुहेरी करून धोतर काचेच्या अगदी जवळ लावलं. खिळा नको म्हणून चौकटीत स्प्रिंगचा दांडा अडकवला. तिथलाही मरून पडदा राहू दिला, पण धोतराच्या मागे, खोलीच्या बाजूला. काचेकडची बाजू पांढरी असली की आतला पडदाही साधारण एक तृतीयांश उष्णता परत पाठवू शकतो. बाहेरच्या जाळीइतकं नाही, पण खुर्ची देण्यापेक्षा बरं.

न्हाणीघराच्या छोट्या झरोक्यासाठी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर फॉइल चिकटवली आणि चकचकीत बाजू बाहेर करून तो काचेपासून बोटभर अंतरावर बसवला. फॉइल थेट काचेला चिकटवू नका. काच कुठं तापते, कुठं नाही, आणि अशा ओढाताणीत ती तडकू शकते. मग डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. जिन्याकडच्या खिडकीला थोरलीनं एक वेगळाच प्रयोग केला. खडूची पूड भाताच्या पेजेत कालवून तिनं काच पांढरी केली. रोपांची काचघरं असलेले माळी उन्हाळ्यात अशीच काच पांढरी करतात. मृगाचा पाऊस आला की ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. चुना मात्र वापरायचा नाही, तो काचेवर डाग सोडतो.

एवढं झाल्यावर लाइट आली, कूलर सुरू झाला. मी म्हटलं, हा कूलर म्हणजे वाळ्याच्या ताटीचाच नातू. पूर्वी दारात वाळ्याची ताटी टांगायची आणि तिच्यावर पाणी शिंपडत राहायचं. एक लिटर पाणी वाळून हवेत जाताना इतकी उष्णता पितं, की तेवढ्या उष्णतेत बर्फासारखं गार पाच लिटरांहून जास्त पाणी उकळीला येईल. पाणी हे पितं कुणाची? खोलीत येणाऱ्या हवेची. पण त्यासाठी हवा तहानलेली हवी. आपल्या वैदर्भी लूसारखी कोरडी. मुंबईत तुमच्या आत्याकडे ताटी लावली तर खोली गार होणार नाही, फक्त गादीला कुबट वास येईल. तिनं आपलं नेट आणि पांढरा पडदा यांवरच भागवावं. आणि कूलर लावला की समोरची एखादी खिडकी किलकिली ठेवा. दमट झालेली हवा बाहेर गेली तरच कोरडी आत येते.

"आणि खरी पानं?" धाकट्यानं विचारलं. कडुनिंब काही त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

खरी पानंही लावू, पण त्यांना वेळ लागतो. थंडी ओसरली की फेब्रुवारीतच बाल्कनीच्या कुंडीत वेल लावायचा. तोंडली, गोकर्ण, नाहीतर गुळवेल. गुळवेलीला तर फार लाडही लागत नाहीत. सुतळ्या वर बांधून द्यायच्या. एप्रिलपर्यंत तो ग्रिल भरून टाकतो. फक्त कुंड्या आतल्या बाजूला ठेवायच्या आणि घरमालक काकांना आधी विचारायचं. तोंडली निघाली की पहिली वाटी त्यांच्याकडे पाठवायची, म्हणजे पुढच्या वर्षीचीही परवानगी पक्की.

दुसऱ्या दिवशी चार वाजता धाकटा खिडकीपाशी उभा राहिला. काचेला हात लावला, मग आतल्या फरशीला. काल जिथं पाय ठेववत नव्हता, तिथं तो पालथा पडून चित्र काढत बसला. खोली काही महाबळेश्वर झाली नाही. बाहेर त्रेचाळीस अंश असताना तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण इस्त्री बंद झाली होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही गच्चीवर गाद्या टाकल्या. खाली पश्चिमेची भिंत अजून गरम होती. नऊ इंची विटांची भिंत दुपारचं ऊन सहा-सात तास पोटात ठेवते आणि माणूस झोपायला आला की परत करायला लागते. म्हणून सकाळी नऊ-दहाला बंद केलेल्या खिडक्या रात्री सताड उघडायच्या. मी दोघांना गच्चीच्या कठड्याला हात लावायला सांगितलं. दुपारी त्यावर पापड वाळले असते. आता तो गार होत चालला होता.

"इथली ऊब कुठं गेली?" थोरलीनं विचारलं.

वर. पाहुणा घोंगडं पांघरून निघालाय. काच त्याला सोडत नाही, पण इथं काचच नाही. आकाश निरभ्र आणि कोरडं असलं, की त्यातला बराचसा त्याच घोंगड्यात हवेतून निसटतो आणि अंतराळात निघून जातो. ढग आले की तेही काचेसारखे आडवे येतात. म्हणून ढगाळ रात्री उकाडा जास्त. सूर्याकडे मात्र तो परत जात नाही. ज्या दिशेला तोंड असेल तिकडे जातो, ताऱ्यांच्या मधल्या काळोखात.

धाकटा बराच वेळ आकाशाकडे बघत पडला होता. मला वाटलं झोपला.

"आबा," तो म्हणाला, "म्हणजे ज्याला आपण दारातूनच परत पाठवला, तो आता खूप लांब गेला असेल."

मी मनात हिशेब केला. चार वाजल्यापासून दहापर्यंत सहा तास. सहाशे पन्नास कोटी किलोमीटरांच्या आसपास. प्लूटोच्याही पलीकडे.

सकाळी उठल्यावर सांगू, असं ठरवलं. तोवर तो खरंच झोपला होता.